झाकणावरचे पंजे

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. जुना म्हणजे किती, असे विचाराल, तर मला घडवले तेव्हा माणसाच्या हातचे जुने असे जगात फारसे काही नव्हतेच. कुंभाराचे चाक नव्हते, दाराला कडी नव्हती, आणि 'हे माझे, ते तुझे' हे शब्दही माणसांच्या जिभेवर अजून नीट बसले नव्हते. माणूस घर करून, एकमेकांना धरून राहू लागला तो कसा, हे तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचता. मी ते होताना पाहिले आहे. एका खोलीच्या कोपऱ्यात मला कमरेपर्यंत जमिनीत पुरले होते. तिथून दाराबाहेरचे जेवढे दिसायचे, तेवढे पाहिले आहे. ते सगळे चांगलेच होते, असे सांगता आले असते तर मला फार बरे वाटले असते.

मला दोन बहिणींनी घडवले. थोरली आणि धाकटी. त्यांची खरी नावे सांगून उपयोग नाही. ती ज्या बोलीतली होती, ती बोली आता कुणाच्याच तोंडात उरलेली नाही. म्हणून त्यांचे बोलणे मी तुमच्या बोलीत सांगतो.

त्यांची माणसे पूर्वी नुसती चालत असत. आज इथे, उद्या तिथे. लेकरे पाठीवर आणि म्हातारे मागे. मागे म्हणजे कधी कधी इतके मागे, की पुन्हा दिसायचेच नाहीत. मग एका वर्षी ओढ्याकाठच्या रानगवताला अशी भरगच्च कणसे लागली, की ती टाकून पुढे जाणे कुणाच्या जिवावर येईना. दाणे पिकायची वाट पाहायची तर थांबायला हवे. थांबायचे तर डोक्यावर छप्पर हवे. आणि एकदा हाताने लिंपलेली भिंत उभी राहिली, की तिला सोडून जाववत नाही. बघता बघता तिथे मोजकी मातीची घरे झाली.

मला वाटते, त्या घरांपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे त्या माणसांना 'उद्या' सापडला. आजच्या दाण्यातून उद्याचे कणीस येते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्या वस्तीत एक म्हातारबा होते. त्यांचे गुडघे गेलेले. चालती टोळी असती तर ते कधीच मागे राहिले असते. आता ते उन्हाला बसून दिवसभर सगळ्यांना सल्ले देत. धाकटी म्हणायची, "पाय थांबले तशी यांची जीभ चालायला लागली." म्हातारबा हे ऐकून स्वतःच आधी हसत.

थोरलीने मातीत गवताचा चुरा घालून ती पायांनी मळली. धाकटीने तिच्या लांब लांब वळ्या केल्या. त्या एकावर एक चढवत, मधल्या फटी बोटांनी मिटवत, दोघींनी मला उभे केले. धाकटीचा हात बारीक, म्हणून आतून लिंपायचे काम तिच्याकडे. खांद्यापर्यंत हात घालून ती मला आतून गुळगुळीत करत होती आणि तोंड चालूच होते.

"ताई, पोट बघ याचं! हुबेहूब म्हातारबा."

"हळू बोल गं, ऐकतायत ते."

"ऐकू देत. त्यांच्या पोटात काही नसतं, याच्यात तरी असेल."

अंगणातून म्हातारबा ओरडले, "माझ्या पोटात काही नसतं ते तुम्हा दोघींच्या हातच्या चवीमुळे!"

असा हसत हसत मी जन्माला आलो. मग त्यांनी मला खड्ड्यात ठेवून भोवती काटक्यांचा ढीग रचला आणि पेटवला. पहिल्यांदा तो चटका असह्य वाटला. नंतर कळले, की त्या चटक्यामुळेच मला पाणी विरघळवू शकणार नाही. ज्यांनी हसत घडवले त्यांनीच जाळातही घातले, याचा मी कधी राग धरला नाही.

मला थोरलीच्या घरात पुरले. माझे काम एकच, साऱ्या वस्तीचे पुढच्या पेरणीचे बियाणे सांभाळायचे. खायचे धान्य टोपल्यांत असे आणि बियाणे माझ्या पोटात. पहिल्या वर्षी माझ्या तोंडावर नुसते एक सपाट झाकण होते. थंडी सरता सरता टोपल्या रिकाम्या झाल्या. मग कुणीतरी येऊन एक मूठ नेली, तापाने फणफणलेल्या आईसाठी. कुणी एक नेली, रडणाऱ्या मुलासाठी. चोरी कुणीच केली नाही. 'एवढ्याशाने काय होतंय' असे प्रत्येकाच्या मनात आले, इतकेच. पेरणीच्या दिवशी थोरलीने हात घातला तर नखे तळाला लागली. त्या वर्षी शेत जेमतेम अर्धे पेरले गेले आणि सगळी वस्ती अर्धपोटी राहिली.

पुढच्या सुगीनंतर सगळे माझ्याभोवती बसले. आरडाओरडा झाला नाही. थोरली हळू आवाजातच बोलली, "आपल्यावर आपलाच भरवसा राहिला नाही, तर एकमेकांवर ठेवू या." मग तिने ठरवले ते असे. झाकण बसवायचे, त्याच्या कडेने आणि वरून ओली माती थापायची, आणि त्या मातीवर प्रत्येक घरातल्या एकाने आपला पंजा उमटवायचा. ज्यांचे पंजे, ते सगळे हजर असतील तेव्हाच झाकण फोडायचे. एक जरी नसला तरी नाही.

पंजे उमटवून झाल्यावर सगळ्यांनी हात जोडले. तेव्हा देवांना नावे नव्हती, पण हात कसे जोडायचे हे कुणाला शिकवावे लागले नाही. मित्रांनो, मी त्या मातीच्या झाकणाखाली अभिमानाने भरून आलो होतो. समोर अन्न असताना माणसाने आपल्या भुकेला 'थांब' म्हटले, आणि तेही अजून न उगवलेल्या रोपासाठी, अजून न जन्मलेल्या मुलासाठी. माझ्या मते तो माणसाचा पहिला नेम. आजही मला तो पवित्र वाटतो. पुढे जे घडले ते सांगताना हे विसरू नका, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

त्या पहिल्या झाकणावर थोरलीच्या घरचा पंजा धाकटीचा होता. "माझा हात छोटा आहे, जागा कमी अडेल," असे म्हणून तिनेच पुढे होऊन तो उमटवला होता.

पुढच्या वर्षी एक चालती टोळी ओढ्यावर पाण्याला उतरली. त्यातल्या एका तरुणाबरोबर धाकटीचे जमले आणि ती त्यांच्याबरोबर निघाली. थोरली रडली. थोरलीचा नवरा मोठ्या मनाचा माणूस. धाकटी त्यांना दाजी म्हणायची. ते म्हणाले, "जा, सुखाने जा. पण पाय दुखले की इथे घर आहे, हे लक्षात ठेव."

"माझे कसले दुखतात, दाजी! दुखतील तुमचे, बसून बसून," ती म्हणाली, आणि डोळे पुसत हसत गेली.

तेव्हापासून थोरलीच्या घरचा पंजा दाजींचा झाला.

काही सुगी बऱ्या गेल्या. मग पावसाने पाठ फिरवली. ओढ्याची डबकी झाली, डबक्यांचा चिखल झाला, आणि चिखलाला भेगा पडल्या. टोपल्या रिकाम्या होऊन उलट्या पडल्या. वस्ती कंदमुळे उकरून खात होती. तरी माझ्या झाकणाला कुणी हात लावला नाही. येता-जाता माणसे माझ्याकडे बघत आणि नजर वळवून पुढे जात. वरच्या डोंगरात एक झरा होता, तो अजून जिवंत आहे का हे पाहायला दाजी एकटेच निघून गेले.

ते गेले आणि धाकटी आली.

दारात ती उभी राहिली तेव्हा थोरलीने तिला आधी ओळखलेच नाही.

"ताई, मी आहे."

"अगं बाई! ये, आत ये. काय ही दशा करून घेतलीस! आणि हे कोण?"

"तुझी भाची."

थोरलीने मुलीला घेतले. मूल अगदी शांत होते. भुकेले मूल रडते, मित्रांनो. फार भुकेले झाले की रडतही नाही.

थोरलीने आपल्या वाटणीचे उकडलेले कंद बहिणीपुढे ठेवले. धाकटीने दोन घास खाल्ले आणि हात आवरला.

"मला नको गं. माझं दूध आटलंय. हिला हे कंद गिळवत नाहीत, दोनदा घशात अडकले. थोडे दाणे रगडून पातळ पेज करता आली, तर बोटाने चाटवेन."

"खायचं धान्य कधीच संपलं."

मग दोघींनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिले.

"चार मुठी, ताई. जास्त नको."

थोरलीने झाकणावरच्या पंजांवरून नजर फिरवली.

"ताई?"

"हे घरी नाहीत. झरा बघायला गेलेत. त्यांचा पंजा आहे झाकणावर."

"मग?"

"सगळे असल्याशिवाय फोडायचं नाही. ठरलंय आपलं."

"मला सांगतेस? मी नव्हते का ठरवताना?"

आवाज ऐकून शेजारपाजारच्या बायका दाराशी जमल्या. म्हातारबांनाही कुणीतरी धरून आणले. त्यांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. ते म्हणाले, "माझ्या पंजाचं म्हणाल, तर तो आत्ता खरवडून टाका. पण तुझ्या नवऱ्याच्या वतीने मी कसा बोलू?"

शेजारीण म्हणाली, "आमचंही तेच. पण नेम तू घातलास बाई. तूच सांग काय करायचं."

सगळे थोरलीकडे पाहू लागले. आणि तिथेच ती अडकली. नेम दुसऱ्या कुणाचा असता, तर कदाचित तिने तो मोडला असता. स्वतः घातलेला, सगळ्यांकडून पाळून घेतलेला नेम आपल्याच बहिणीसाठी कसा मोडावा, हे तिला कळेना. त्याच वर्षीच्या थंडीत शेजारणीचा तान्हा मुलगा भुकेने गेला होता, आणि त्या माउलीने झाकणाकडे बोट दाखवले नव्हते. तीच आता दारात उभी होती.

"एक-दोन दिवस थांब," थोरली म्हणाली. "हे येतीलच. आले की मी स्वतः फोडते."

"आमची माणसं टेकडीपलीकडे उतरलीत, उजाडताच निघणार. पलीकडच्या खोऱ्यात शेळ्या पाळणारे लोक आहेत म्हणतात. तिथे पोचले तर दूध मिळेल. मागे राहिले तर वाट कोण दाखवणार?" धाकटीने मुलीला परत घेतले. "आणि ताई, दोन दिवस म्हणजे तुझे दोन दिवस. हिचे किती होतात, कुणाला ठाऊक."

मी तिथेच होतो. माझ्या पोटात दाणे गळ्यापर्यंत भरलेले होते. ते देण्यासाठी मला हात नव्हते.

निघताना धाकटी माझ्याजवळ आली. तिने माझ्या पोटावर तळवा टेकवला, जसा ती मला घडवताना टेकवायची. म्हणाली, "तुझं चुकत नाही, ताई. मीही तेच केलं असतं." ती रागावून बोलली असती, चार शब्द सुनावून गेली असती, तर थोरलीला ते सोसले असते. हे सोसले नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर यायच्या आत दाजी परत आले. झरा जिवंत होता. ते आनंदाने ओरडतच आत शिरले आणि थोरलीचा चेहरा पाहून थांबले. तिने सगळे सांगितले.

"अगं, चार मुठींसाठी माझी वाट बघत बसलीस? माझा पंजा पुसून टाकायचा होतास!"

ती खाली मान घालून उभी होती.

"मी नाही म्हणेन, असं वाटलं तुला?"

"नाही. तुम्ही हो म्हणाल, हे मला ठाऊक होतं."

"मग?"

या 'मग'चे उत्तर थोरलीला त्या दिवशी देता आले नाही, आणि पुढेही कधी देता आले नाही.

दाजींनी पाण्याचा घोटही घेतला नाही. दगड घेऊन त्यांनी स्वतःच झाकण फोडायला हात उचलला. शेजारणीने त्यांना थांबवले नाही, उलट तिनेच पहिला घाव घातला. कुणी कुणाला विचारले नाही. मुठी भरून दाणे एका फडक्यात बांधले आणि दाजी टोळीच्या मागावर धावले. संध्याकाळ झाली, दुसरा दिवस गेला. ते परतले तेव्हा फडके तसेच गाठ मारलेले होते. टेकडीपलीकडे तीन दगडांची चूल आणि थंड राख सापडली होती. त्यापुढे जमीन खडकाळ होती आणि खडकावर पाऊल उमटत नाही.

मग पाऊस आला. उशिरा आला, पण आला. बियाणे बाहेर काढले तेव्हा त्यातला एकही दाणा किडलेला नव्हता. म्हातारबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास रे! राखलंस!" माझ्या सगळ्या आयुष्यातले ते सर्वांत मोठे कौतुक. ते मला नको होते.

सगळे शेत पेरून झाल्यावरही माझ्या तळाशी दाणे उरले. मित्रांनो, चार मुठींपेक्षा कितीतरी जास्त उरले. थोरलीने ते ओंजळीत घेतले आणि तिथेच, माझ्याशेजारी, भिंतीला टेकून बसली. ती किती वेळ बसली हे मी सांगणार नाही. तिला कुणी हाक मारली नाही, एवढे सांगतो.

त्यानंतर तिने एक मडके घडवले. एकटीने. ते बुटके होते, रुंद तोंडाचे, लहान मुलाचाही हात पोचेल एवढ्या उंचीचे. नक्षी नाही, काठ वळवलेला नाही. ते तिने घरात न ठेवता उंबऱ्याबाहेर ठेवले.

म्हातारबा म्हणाले, "याचं झाकण?"

"याला झाकण नाही."

"मग पंजे कुठे उमटवायचे?"

"पंजे याच्या आत घालायचे, म्हातारबा. मूठ भरून."

"उंदीर खातील की सगळं."

"खाऊ देत. तेही भुकेनेच येतात."

असा तिचा दुसरा नेम सुरू झाला. चूल पेटवण्याआधी एक मूठ त्या मडक्यात. ज्या दिवशी घरात मूठभर नसेल त्या दिवशी चिमूटभर, पण टाकल्याशिवाय चूल पेटवायची नाही. आणि घेणाऱ्याने कुणाला विचारायचे नाही. हळूहळू बाकीच्या घरांतल्या बायकाही सकाळी येऊन आपली मूठ टाकू लागल्या. शेजारणीची मूठ कधीच चुकली नाही.

वाटेने जाणारे येत. दोन मुठी घेत, पाणी पीत, पुढे जात. काही पुढे गेलेच नाहीत. त्यांच्यातल्या एका बाईला झाडाच्या सालीपासून दोरा वळता येत होता. एका माणसाला बिथरलेली शेळी शांत करता येत होती. एकाला जखमेवर कुठला पाला बांधावा ते ठाऊक होते. माझ्या बंद पोटाने वस्ती जगवली, हे खरेच आहे. पण ती वाढली, शहाणी झाली, ती उंबऱ्याबाहेरच्या त्या उघड्या मडक्यामुळे. मी आत होतो आणि ते बाहेर होते. दोघे मिळून आम्ही पुरे होतो.

येणाऱ्या प्रत्येकाला थोरली विचारायची, "पलीकडच्या खोऱ्यातून आलात का? तिथे एक बाई दिसली का? उठता-बसता थट्टा करते. बरोबर मुलगी असेल."

कुणी नाही म्हणे. कुणी मान हलवून पुढे जाई. एकदा एक वाटसरू म्हणाला, "दिसली होती. मुलगी चांगली हाताशी आलेली. दोघी हसत होत्या." थोरलीने त्याला थांबवून घेतले, पुन्हा पुन्हा सांगायला लावले. तो जे सांगत होता ते खरे होते, की भरल्या पोटाने एका म्हाताऱ्या बाईचे मन राखत होता, हे मला कळले नाही. तिलाही कळले नसावे. पण त्या दिवशी तिने मडक्यात दोन मुठी टाकल्या.

ती गेली तेव्हाही तिचे तोंड दाराकडे होते.

नंतरची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण ती सांगायला मला आवडत नाही. थोरलीच्या नातवंडांनी मडक्यात मूठ टाकली. त्यांच्या नातवंडांनीही टाकली, पण का टाकायची ते त्यांना ठाऊक नव्हते. मग कुणालातरी वाटले, रात्री दव पडते, झाकण असलेले बरे. झाकण आले. मग वाटले, बाहेर कुत्री येतात, आत घेतलेले बरे. मडके आत आले. आत आल्यावर ते कुणाचे, असा प्रश्न आला. तोवर वस्तीभोवती भिंत उभी राहिली होती आणि भिंतीला दार बसले होते. दारावर माणूस होता. वाटसरू दारावरच परत जाऊ लागले. एके दिवशी कुणाचा तरी धक्का लागून मडके फुटले. तुकडे उंबऱ्याबाहेर टाकून दिले गेले. नवे कुणी घडवले नाही.

माझी मात्र फार काळजी घेतली गेली. माझ्याशेजारी माझ्यासारखे आणखी रांजण आले. खोली भरली, खोलीला दुसरी खोली जोडली गेली. मी कधीच इतका भरलेला नव्हतो आणि कधीच इतका एकटा नव्हतो. शेवटी ओढ्याने पात्र बदलले, माणसे उठून गेली, छप्पर माझ्यावर कोसळले, आणि मातीने मला पोटाशी धरले.

खूप काळाने डोक्यावर खरवडल्याचा आवाज आला. बारीक कुंचल्याने कुणीतरी माझ्या गळ्यावरची माती झाडत होते. उत्खनन करणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांच्या बोटांत मला थोरलीची माया जाणवली. उंबऱ्याबाहेर त्यांचे सहकारी खापरे वेचत होते.

"मॅडम, ही बाहेरची आहेत. काठ नाही, नक्षी नाही. काय करू?"

"बाहेर टाकलेली म्हणजे कचराच असणार तो. मोजा आणि त्या ढिगात घाला. साधी खापरं किती ठेवणार? गोदामात पाय ठेवायला जागा नाही."

"सगळी एकाच भांड्याची वाटतात हो."

"असतील. पण आपलं ठरलंय ना. काठ, बूड किंवा नक्षी असेल तेवढंच ठेवायचं."

माझ्या जोडीदाराचे तुकडे मोजले गेले आणि पुन्हा मातीत गेले. त्या मॅडमची त्यात काही चूक नव्हती. त्या चांगल्या होत्या आणि नियमाने काम करत होत्या. चांगल्या माणसांना नियमाने काम करताना मी पूर्वीही पाहिले आहे.

आता मी एका थंडगार दालनात काचेआड उभा आहे. पायाशी पाटी आहे, 'धान्य साठवण्याचा रांजण. माणूस साठवायला शिकला आणि संस्कृतीचा उगम झाला.' पाटीवरचे एकही अक्षर खोटे नाही. फक्त ती अर्धी आहे आणि उरलेली अर्धी त्या ढिगात पुरलेली आहे.

मित्रांनो, नेम जरूर धरा. नेमाशिवाय माणूस आजचे आजच खाऊन मोकळा होतो, हे मी पाहिले आहे. पण नेम पाळत असताना दारात कुणी येऊन उभे राहिले, तर नेमाला म्हणा, 'तू जरा बाजूला बस, मी यांचे पाहून येतो.' तो रागावत नाही. तो मुळात त्यांच्यासाठीच जन्माला आलेला असतो. आणि घरातला जो माणूस हजर नाही तो काय म्हणेल, असा प्रश्न पडला, तर तो चांगलेच म्हणेल असे धरून चाला. बहुतेक वेळा तो तेच म्हणणार असतो.

मला बघायला येणारे एकच विचारतात, यात किती मावत होते? त्याचे उत्तर पाटीवरच खाली आकड्यात दिले आहे. यातले कुणाला दिले, असे मात्र अजून कुणी विचारलेले नाही. उद्या एखाद्याने विचारलेच, तर मी गप्प राहीन. कारण जिला द्यायचे होते तिला दिले गेले नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरी स्वयंपाकघरात भरलेले डबे आहेत ना? त्यांना कुणी हाच प्रश्न विचारला, तर त्यांच्यावर माझ्यासारखी गप्प बसायची वेळ येऊ देऊ नका.